जुनी यष्टी एक दिवस चालवायची तर: डबल क्लच, हवेचे ब्रेक आणि कायदा

१ एप्रिल २०२३ पासून एक नियम लागू झाला. केंद्र, राज्य, नगरपालिका आणि राज्य परिवहन महामंडळं यांच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर चालू ठेवता येत नाही; गाडी अधिकृत भंगार केंद्रात जमा करावी लागते. आगारामागं गंजत उभा असलेला लाल डबा लिलावात घ्यायचा आणि वावरात आणून ठेवायचा, ही वाट त्यामुळं जवळपास बंद झाली. आणि नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर ब्रिटनमधले व्हिडिओ फिरतात. साधी नोकरदार माणसं पैसे भरून साठ-सत्तर वर्षं जुन्या बसच्या स्टिअरिंगवर बसतात, गिअर खरखरवतात आणि दिवस मजेत घालवून घरी जातात. ते पाहून नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडं संत्र्याच्या बागेत पर्यटक आणणाऱ्या शेतकऱ्याला वाटतं, आपल्या पडीक चार एकरांत हे का होऊ नये?

होऊ शकतं. पण त्यासाठी जुनी बस चालते कशी, थांबते कशी आणि कायदा तिला कुठपर्यंत चालू देतो, हे आधी कळायला हवं. बहुतेकांना धास्ती गिअरची असते. ती अस्थानी आहे. धास्ती ब्रेकची बाळगायला हवी आणि ती का, ते पुढं येईलच.

## कोणत्या गाडीला जुनी म्हणायचं

ब्रिटनमध्ये हा प्रकार वापरात नसलेल्या धावपट्टीवर किंवा खासगी मैदानावर चालतो. शेजारी जाणकार चालक बसतो आणि बसचा परवाना नसला तरी चालतं, कारण रस्ता सार्वजनिक नसतो. लंडनची लाल दुमजली राउटमास्टर तिथं फार लोकप्रिय आहे. ही गाडी १९५४ ते १९६८ या काळात बनली आणि नेहमीच्या फेऱ्यांतून डिसेंबर २००५ मध्ये निवृत्त झाली. पण राउटमास्टरमध्ये क्लचचं पेडलच नसतं, त्यामुळं नवख्याला ती लवकर जमते. कसोटी लागते ती क्लच असलेल्या बेडफर्डसारख्या गाडीवर. आपल्याशी बेडफर्डचं नातं जुनं आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हाच्या ताफ्यात बेडफर्ड होत्या. शेव्हरोले, फोर्ड, अल्बियन, लेलँड अशा इतरही होत्या.

त्या गाड्या आज विदर्भात शोधून सापडायच्या नाहीत. इथं जुनी बस म्हणजे बहुतेक वेळा टाटा १२१० किंवा त्या काळची अशोक लेलँड. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या साहाय्यानं ट्रक बांधायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ ला संपला, पण घडण तीच राहिली. १२१० मधला १२ हा आकडा मालासकट एकूण वजनाचा, म्हणजे १२ टन. १० म्हणजे सुमारे १०० अश्वशक्ती. तिच्यातलं ६९७ इंजिन म्हणजे ६ सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. एसटीच्या बॉड्या दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांत चढायच्या, त्यामुळं आत बसल्यावर टाटा काय आणि लेलँड काय, प्रवाशाला सारखंच वाटायचं. चालकाला मात्र पहिल्या गिअरलाच फरक कळायचा.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बसमध्ये बहुधा पॉवर स्टिअरिंग आणि सोपा गिअरबॉक्स असतो. तिला जुनी म्हणणं जरा जास्तच होईल, पण नवख्याला पहिला अर्धा तास अशाच गाडीवर बसवलेलं बरं.

## कारचा गिअर गुपचूप पडतो, हिचा का नाही?

गिअरबॉक्सचं काम एवढंच: इंजिन जोरात फिरतं, चाक हळू फिरतं, त्या दोघांचा मेळ घालायचा. गिअर बदलताना दोन फिरते भाग एकमेकांत अडकवायचे असतात. दोघांची गती वेगळी असेल तर दात दातांवर घासतात. कारमध्ये या दोन भागांच्या मधे पितळेची एक छोटी शंकूसारखी कडी असते. ती आधी घासून दोघांची गती सारखी करते आणि मग दात अडकू देते. या व्यवस्थेला सिंक्रोमेश म्हणतात. ती नसलेल्या गिअरबॉक्सला क्रॅश गिअरबॉक्स म्हणतात, आणि नाव का पडलं हे पहिल्याच प्रयत्नात ऐकू येतं.

क्रॅश गिअरबॉक्समध्ये कडीचं काम चालकानं करायचं. चालत्या बंडीवर चढणारा माणूस आधी बंडीबरोबर चार पावलं धावतो, वेग जुळला की उडी घेतो. उभ्या उभ्या उडी मारली तर तोंडावर पडतो. इथं धावायचं असतं इंजिनानं, आणि त्याला धावायला किंवा थांबायला लावायचं असतं पायानं.

आकड्यांत पाहू. समजा गाडी ताशी २० किलोमीटरनं चालली आहे. ९.००-२० मापाच्या टायरचा घेर साधारण ३.१ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला १०७ फेरे घेतं. मागच्या हौसिंगमधलं, म्हणजे मागच्या आसावरच्या दातेरी चक्रांचं, प्रमाण ६ धरलं तर प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या आसाकडं जाणाऱ्या दांड्याचे, फेरे झाले सुमारे ६४५. आता तिसऱ्या गिअरचं प्रमाण २.५, चौथ्याचं १.५ आणि दुसऱ्याचं ४.३ धरा. याच वेगाला तिसऱ्यात इंजिन १,६०० च्या आसपास फिरतं, चौथ्यात ९७० आणि दुसऱ्यात २,७७०. तिसऱ्यातून चौथ्यात जायचं तर इंजिन ६०० हून जास्त फेऱ्यांनी उतरायला हवं. चौथ्यातून तिसऱ्यात यायचं तर तेवढंच चढवायला हवं. आणि या वेगाला दुसरा टाकायला गेलात तर इंजिनाला त्याच्या टोकाच्या मर्यादेजवळ न्यावं लागेल. म्हणून तो पडत नाही. बळ लावून पाडला तर दात तुटतात. गाडीचे आकडे थोडे इकडंतिकडं असतील, हिशेब हाच.

## डबल क्लच: पाय कुठं, हात कुठं

चढत्या गिअरला, म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना:

क्लच दाबा, लिव्हर न्यूट्रलला आणा. क्लच पूर्ण सोडा. रेसवरचा पाय काढलेलाच ठेवा आणि थांबा. डिझेल इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे त्याच्या टोकाचं फिरतं चाक, जड असतं, फेरे सावकाश उतरतात. एक ते दोन सेकंद लागतात. आवाज खाली आला की पुन्हा क्लच दाबा आणि तिसरा टाका. वेळ बरोबर जुळली तर लिव्हर दोन बोटांनी आत जाते.

उतरत्या गिअरला, म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना आधी ब्रेकनं वेग १०-१२ वर आणा. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा. आता रेसवर एक झटका द्या, इंजिन भुंकलं पाहिजे. लगेच क्लच दाबा आणि दुसरा टाका. सेकंदभर उशीर केला तर फेरे पुन्हा उतरतात आणि झटका वाया जातो.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा कशाला, हे बहुतेकांना पटत नाही. क्लच दाबलेला असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटलेला असतो. तुम्ही कितीही रेस द्या, ती गिअरबॉक्सच्या आतल्या चक्रांपर्यंत पोचतच नाही. क्लच सोडला की पोचते. क्लच दोनदा दाबायचा तो एवढ्यासाठी.

चुका ठरावीक होतात. कारची सवय असलेला माणूस घाई करतो आणि चढत्या गिअरला खरखर काढतो. घाबरलेला माणूस न्यूट्रलमध्ये इतका वेळ थांबतो की इंजिन आयडलवर येतं, गाडीही रेंगाळते आणि कुठलाच गिअर जवळचा राहत नाही. अशा वेळी लिव्हरशी झगडू नये. सपाट जमिनीवर गाडी सरळ थांबवावी आणि नव्यानं सुरुवात करावी. रिकामी बस सपाटीवर दुसऱ्या गिअरमध्येच उचलतात. पहिला भरलेल्या गाडीला आणि चढाला. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय मात्र पहिल्या पाच मिनिटांत मोडायला हवी. क्लच प्लेट जळाल्याचा वास पाहुण्याला कळत नाही आणि बिल मालकाला येतं.

## ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे आपोआप येईल ना?

गावात हा प्रश्न येणारच. उत्तर अर्धं हो. ट्रॅक्टरवाल्याला जड क्लचची सवय असते, डिझेल इंजिनाचा आवाज ओळखता येतो आणि गिअर अडकला म्हणून तो दचकत नाही. पण बहुतेक कामांत ट्रॅक्टर थांबवून गिअर टाकतात, चालत्या गाडीत बदलायची वेळ कमी येते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात आणि वावरात वळताना एकच दाबतात. बसमध्ये त्यातलं काही नाही. शिवाय उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायची खोड अनेकांना असते. क्रॅश गिअरबॉक्सच्या बसमध्ये उतारावर न्यूट्रल टाकलं आणि वेग वाढला की पुन्हा गिअर पडणं जवळपास अशक्य होतं. मग सगळा भार ब्रेकवर येतो.

## खरी भीती ब्रेकची

कारच्या ब्रेकमध्ये तेल असतं आणि तुमच्या पायाचाच जोर चाकापर्यंत जातो. मोठ्या बसमध्ये ते काम हवा करते. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पेडल दाबलं की एक झडप उघडते, टाकीतली हवा चाकांजवळच्या डब्यांत शिरते आणि ब्रेकचे लायनर, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला भिडतात. पाय फक्त झडप उघडतो. म्हणून पेडल हलकं लागतं आणि परिणाम किंचित उशिरानं जाणवतो. नवखा माणूस पहिल्यांदा कमी दाबतो, काही होत नाही असं वाटून पूर्ण दाबतो आणि सगळे पुढं आदळतात.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली: हवा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. डॅशबोर्डवर हवेचा काटा असतो. इंजिन चालू केल्यावर तो ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर जाईपर्यंत थांबायचं. पाच-दहा मिनिटं लागू शकतात. साधारण ४ च्या खाली काटा आला की बझर वाजतो किंवा लाल दिवा लागतो. तो बंद पडलेला असेल तर आधी तो दुरुस्त करायचा, मग पाहुणे बोलवायचे.

दुसरी: पेडल पंप करायचं नाही. तेलाच्या ब्रेकमध्ये दोन-तीनदा दाबून जोर आणायची लोकांना सवय असते. हवेच्या ब्रेकमध्ये प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. घाबरून आठ-दहा वेळा पेडल मारणारा माणूस स्वतःच्या हातानं, म्हणजे पायानं, ब्रेक रिकामे करतो.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. नव्या बसमध्ये पार्किंग ब्रेक दणकट स्प्रिंगचा असतो आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. हवा गेली तर स्प्रिंग सुटते आणि चाकं आपोआप जाम होतात. बऱ्याच जुन्या बसमध्ये ही सोय नाही. तिथं हवा गेली म्हणजे ब्रेक गेला. हँडब्रेक तारेचा किंवा दांड्यांचा, तोही उभी गाडी धरण्यापुरता. त्यामुळं तुमच्याकडच्या गाडीत कोणता प्रकार आहे हे चासीखाली झोपून पाहिलंच पाहिजे. काही जुन्या टाटांमध्ये हवेच्या मदतीनं चालणारे तेलाचे ब्रेक असतात; तिथं हवेबरोबर ब्रेक ऑइलची पातळीही रोज पाहावी लागते.

गळती तपासायची सोपी रीत: काटा वर गेल्यावर इंजिन बंद करा, चाकांखाली लाकडी ठोकळे लावा, पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरा. पहिल्या दाबाला काटा थोडा उतरेल, तो सोडा. त्यानंतरच्या मिनिटात ०.२ पेक्षा जास्त उतरला तर कुठंतरी गळती आहे. साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासा.

पावसाळी हवेत कॉम्प्रेसर हवेबरोबर ओलावाही ओढतो. टाकीत पाणी साठतं, त्याबरोबर इंजिन ऑइलचा फेस येतो, झडपा चिकटतात. म्हणून टाकीखालचा कॉक, म्हणजे छोटा नळ, रोज उघडून पाणी काढायचं. आगारात हे काम नेहमीचं असायचं. खासगी मालकाकडं तेच सगळ्यात आधी विसरलं जातं.

घाटात गाडी चढताना जो गिअर लागतो, उतरतानाही तोच ठेवावा, असं परतवाडा-चिखलदरा मार्ग जाणणारा कुठलाही जुना चालक सांगेल. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो, ड्रम फुगतो, लायनरची पकड जाते आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. अनुभवाच्या दिवसासाठी जागा सपाट निवडायची ती यामुळंच. पाहुण्यांना घाट दाखवायचाच असेल तर खुर्चीवर बसून दाखवावा.

## स्टिअरिंगला ताकद लागते का? बायकांना जमेल का?

जुन्या बसचं चाक मोठं असतं आणि पॉवर स्टिअरिंग नसतं. उभ्या गाडीत ते फिरवायला गेलात तर पैलवानालाही घाम फुटेल. पण गाडी माणसाच्या चालीनं पुढं सरकत असली तरी तेच चाक बरंच हलकं होतं. म्हणून नियम एकच: चाकं फिरत असतानाच स्टिअरिंग फिरवायचं. ताकदीचा प्रश्न तिथंच मिटतो. २०१९ मध्ये एसटीनं महिला चालकांचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणीही होत्या. अडचण येते ती उंचीची, कारण जुन्या गाडीची खुर्ची पुढंमागं सरकत नाही. पाठीमागं घट्ट उशी लावली की क्लच पूर्ण दाबला जातो. चपला चालत नाहीत, पेडलवरून सरकतात, बूट लागतात.

अंगठे आत घालून चाक धरू नका. पुढचं चाक चाकोरीत किंवा धुऱ्याच्या दगडावर आदळलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि आतल्या दांडीत सापडलेला अंगठा मोडतो. अंगठा कडेवर, बोटांच्या बाजूला ठेवावा.

वळणाचा अंदाज कारवाल्याचा हमखास चुकतो. बसच्या पुढच्या आणि मागच्या आसांत पाच मीटरहून अधिक अंतर असतं, आणि चालक जवळपास पुढच्या चाकावरच बसलेला असतो. कारसारखं लवकर वळलं तर मागचं चाक कोपरा कापत आत येतं आणि तिथला खांब घेऊन जातं. स्वतः कोपरा ओलांडून पुढं जायचं, मग वळायचं, आणि आतल्या बाजूच्या आरशात मागचं चाक पाहत राहायचं. मागच्या आसाच्या पलीकडचं शेपूट वळताना बाहेर फेकलं जातं, म्हणून बघ्यांना दोरीच्या पलीकडं किमान पाच मीटर ठेवावं. आणि नवख्याला रिव्हर्स द्यायचाच नाही. त्यात मजा कमी आणि जोखीम जास्त.

## वावर कसं हवं

विदर्भाची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. रिकामी बससुद्धा सहा टनांच्या आसपास असते. जुलैत ती काळ्या वावरात नेली तर दिवाळीपर्यंत तिथंच राहील. उन्हाळ्यात तीच जमीन टणक वाटते, पण भेगांत टायरची कड अडकते आणि स्टिअरिंगला झटके बसतात. म्हणून फिरायच्या पट्ट्यावर २० ते ३० सेंटिमीटर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागतो. खडकाळ, मुरमाड बरड जमीन असेल तर हा खर्च बराच वाचतो. पिकाला नालायक म्हणून सोडलेला तुकडाच इथं कामाचा.

किती जागा? तिसऱ्या गिअरपर्यंत जाऊन, ताशी २५ ला पोचून, पुन्हा सावकाश थांबायचं तर २०० मीटर सरळ पट्टा हवा. रिकामी बस हळू वेग घेते, त्यात प्रत्येक गिअरला दोन-तीन सेकंद जातात, त्यामुळं वेग घ्यायलाच शंभरेक मीटर लागतात. टोकाला वळायला २५ मीटर मोकळी रुंदी ठेवा. चार एकरांचा चौरस तुकडा म्हणजे बाजू सुमारे १२७ मीटर. त्यात सरळ पट्टा बसत नाही, लांबट तुकडा बरा. विहीर, विजेचे खांब, ताण तारा आणि कालव्याची कड यांपासून पट्टा दूर हवा. झाडांच्या फांद्याही बघा, टपावरची कॅरिअर धरली तर बस तीन मीटरच्या वर जाते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेल्यावर हळू चालणारी गाडी तापते, कारण समोरून वारा लागत नाही आणि रेडिएटरला नुसत्या पंख्याचाच आधार राहतो. केबिनमध्ये इंजिनशेजारी बसलेल्या माणसाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

## आपलीच जमीन, मग कायदा कशाला?

मोटार वाहन कायदा, १९८८ परवाना आणि विमा यांची सक्ती सार्वजनिक जागेपुरती करतो. नोंदणीची सक्ती मात्र त्याच्या कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणत्याही जागे’लाही आहे. पण सार्वजनिक जागेची व्याख्या रुंद आहे: जिथं लोकांना जायचा हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा इतर ठिकाण, मग ती आरपार जाणारी वाट असो वा नसो. बस थांबून प्रवासी चढतात-उतरतात ती जागाही त्यात येते. गावची पांदण, बाजाराचं मैदान, शाळेसमोरची मोकळी जागा यातून सुटत नाहीत. कुंपण घातलेलं, फाटक असलेलं, फक्त नाव नोंदवलेल्यांना आत सोडणारं वावर हे सर्वांत सुरक्षित. तरी काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवून ठेवावं. शेती-पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० मध्ये आलं, पण ते निवास आणि शेतीच्या अनुभवापुरतं आहे. बस फिरवायला त्यातून मुभा मिळते असं समजू नये.

रस्त्यावर बस चालवायची तर मालवाहू-प्रवासी गटाचा परवाना लागतो, त्यासाठी वय किमान २० आणि हलक्या गाडीचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. खासगी जागेत हे बंधन नसलं तरी आपण तेच मोजमाप लावावं: वीस वर्षांखालच्याला स्टिअरिंग नाही, कारचा परवाना नसलेल्याला नाही. दारू प्यायलेल्याला तर फाटकाच्या आतही नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पैसे घेऊन ‘बस शिकवतो’ असा फलक लावला की तुम्ही ड्रायव्हिंग स्कूल झालात आणि त्याला वेगळा परवाना लागतो. अनुभव देणं आणि शिकवणं यांत सीमा पुसट आहे, म्हणून जाहिरातीतले शब्द जपून वापरावेत.

रस्त्यावरच्या विम्यावर विसंबू नका. अशा वापरासाठी तिऱ्हाईताच्या इजेचा वेगळा विमा घ्यावा आणि त्यात ‘नवखे लोक गाडी चालवतील’ हे स्पष्ट लिहून घ्यावं. ते लिहिलेलं नसेल तर भरलेला हप्ता पाण्यात गेला असं समजा.

## व्हिंटेज नंबर काढून रस्त्यावर आणता येणार नाही का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी व्यावसायिक नसावी आणि रस्त्यावर तिचा रोजचा किंवा धंद्याचा वापर होऊ नये. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढंच. प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेली बस या चौकटीत बसत नाही. त्यातून पैसे घेऊन ती चालवायला देणं तर नाहीच नाही.

म्हणून नोंदणी संपलेली बस एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायची तर लो-बेड ट्रेलरवर, म्हणजे जड यंत्रं वाहणाऱ्या बुटक्या ट्रेलरवर, घालूनच. ‘रात्रीतून हळूच चालवत आणू’ हा सल्ला देणारे भेटतील. त्या गाडीचे ब्रेक गेल्या पाच वर्षांत कोणी पाहिलेले नसतात, हे त्यांना आठवण करून द्यावं.

## गाडी कुठून आणायची आणि काय बिघडतं

नियम येण्याआधी लिलावात गेलेल्या गाड्या, शाळा-कारखान्यांच्या बंद पडलेल्या बस, खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांनी कडेला लावलेल्या गाड्या: शोध इथंच. विदर्भाची कोरडी हवा कोकणापेक्षा पत्र्याला मानवते. तरी चासीचे सांधे, मागच्या दारापाशी फळ्यांखालचं लोखंड आणि खिडक्यांच्या खालची पट्टी टोकदार हातोडीनं ठोकून पाहा. इंजिनाची चिंता कमी करा, त्याचे भाग आणि मिस्त्री अजून मिळतात. क्रॅश गिअरबॉक्सचा दात तुटलेला निघाला तर मात्र भंगारबाजार पालथा घालावा लागतो.

शिकवायला माणूस शोधताना लांब जाऊ नका. आर्वी, पुलगाव, दिग्रस, पुसद, अशा आगारांतून निवृत्त झालेल्या चालकांच्या पायात डबल क्लच अजून आहे. पण चांगला चालक चांगला शिकवणारा असतोच असं नाही. पाहुण्याच्या हातून खरखर झाल्यावर ओरडणारा माणूस शेजारी बसवू नये.

टायर नक्षी बघून घेऊ नका, वय बघा. बाजूला बनावटीचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. उन्हात उभ्या गाडीच्या टायरला भेगा जातात आणि नक्षी शाबूत असूनही ते फुटतात. या मापाच्या ट्यूबवाल्या चाकांना एका बाजूनं लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसलेली नसताना हवा भरली तर सुटून डोकं फोडते. म्हणून हवा भरताना पिंजरा किंवा निदान चाकाभोवती गुंडाळलेली जाड साखळी हवी, आणि माणूस रिंगेसमोर नको, बाजूला हवा. चाक उघडण्याआधी व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडायची.

शेडमध्ये महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, एअर फिल्टरच्या तोंडात गांधीलमाशा घर करतात, आणि सीटखाली साप सापडणं ही वावरात आश्चर्याची गोष्ट नाही. सेल्फ मारण्याआधी काठीनं ठोकून पाहावं.

सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे गाडीनं एअर घेणं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंप दाब तयार करू शकत नाही. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. बॅटऱ्या उतरेपर्यंत सेल्फ मारत बसू नका. एका वेळी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती. टाकीत डिझेल आहे हे पाहा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल. सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. तरी चालू झाली नाही तर इंजेक्टरकडं जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून अर्धा फेरा सैल करा, सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. तोंड आणि हात दूर ठेवा, या नळ्यांतला दाब कातडी भेदतो.

इंजिन बंद करताना पाहुणा किल्ली फिरवतो आणि गाडी चालूच राहते. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळं किल्ली काढून इंजिन थांबत नाही. डिझेल तोडणारा स्टॉपचा नॉब ओढून धरावा लागतो. तो कुठं आहे हे गाडी सुरू करायच्या आधी दाखवायचं, चालू असताना नव्हे.

एका गाडीवर दिवसाला सहापेक्षा जास्त माणसं घेऊ नयेत. प्रत्येकाला आधी उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, पाय आणि लिव्हरची वीस मिनिटं सवय; मग दुसऱ्या गिअरमध्ये दोन फेऱ्या नुसतं सुटणं आणि थांबणं; मग तिसरा. चौथ्याचा हट्ट धरणारे असतात, त्यांना पट्ट्याची लांबी दाखवावी. नवखा चालवत असताना गाडीत तो आणि प्रशिक्षक, तिसरा कोणी नाही. घरच्यांना फेरी मारायची असेल तर ती निवृत्त चालकानं चालवलेल्या फेरीत. संध्याकाळी हवेच्या टाक्यांचे कॉक उघडायचे, चाकांना ठोकळे लावायचे, दोन्ही बॅटऱ्यांचा मेन स्विच काढायचा आणि किल्ली नव्हे, स्टॉपचा नॉब पूर्ण ओढलेला आहे ना हे पाहायचं.